बरा होऊन आलेला भाऊ

नागपूरच्या वाचकांना संत्र्यांविषयी काही सांगावयास जाणे हा आगाऊपणाच होय; परंतु आमची ही हकीकत संत्र्यापासूनच सुरू होते, त्याला आमचा इलाज नाही. १९९८ च्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. आंबिया बहराची संत्री बाजारात आली होती आणि आम्ही नेहमीप्रमाणे टोपलीभर घरी आणली होती. आमच्या धाकट्या भावाने एक संत्रे सोलले, नाकाशी धरले, पुन्हा धरले, आणि तो म्हणाला, "दादा, यंदाच्या संत्र्यांना वासच नाही." आम्ही हसलो. बाजारवाल्याने शिळा माल माथी मारला असेल, असे काहीसे बोललो. वास्तविक साऱ्या घरात संत्र्याचा दरवळ पसरला होता. तो आम्हां सर्वांना येत होता आणि त्याला एकट्याला येत नव्हता, हे ध्यानात येण्यास आम्हांला पुढे कित्येक महिने लागले. बाकीच्या गोष्टी ध्यानात यावयास तर वर्षे लागली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याला अपघात झाला होता. पावसाळी रात्र होती. कामठीहून काम आटोपून तो स्कूटरने मोहननगरात घरी परतत होता. इंदोरा चौकाच्या अलीकडे ओल्या रस्त्यात गाय बसली होती. तिला चुकविण्याच्या नादात स्कूटर घसरली आणि त्याचे डोके रस्त्यामधल्या दगडी कठड्यावर आपटले. अंगावर म्हणावी तशी जखम नव्हती. कवटीही फुटली नव्हती. मात्र तो शुद्धीवर नव्हता. त्याचे हेल्मेट त्या वेळी आमच्या बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलेले होते आणि त्यात आईने लोकरीचे गुंडे ठेवले होते. नागपूरच्या उन्हाळ्यात ते डोक्यावर घालणे जिवावर येते म्हणून मे महिन्यात खुंटीला गेलेले ते हेल्मेट पाऊस सुरू झाल्यावरही खाली आले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम चालविणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही, शिरस्त्राण घालावयास सांगते, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही.

रुग्णालयात पहिल्या रात्री एका तरुण डॉक्टरने त्याला हाका मारल्या, भुवईवर अंगठा दाबून पाहिले, हात हलतो का ते पाहिले, आणि कागदावर एक आकडा लिहिला : ७. आम्ही शाळामास्तर, आयुष्यभर गुणपत्रिका भरलेल्या. दहापैकी सात म्हणजे काही वाईट नाही, असे मनात म्हणून आम्ही बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांना तसे सांगितलेही. ती मोजणी दहापैकी नसून पंधरापैकी असते, तिची सुरुवात शून्यापासून न होता तीनपासून होते, आणि आठ किंवा त्याखालचा आकडा म्हणजे इजा गंभीर, हे आम्हांला फार पुढे कळले. डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच, हातापायांच्या हालचालीला सहा, अशी ती विभागणी. ग्लासगो शहरातील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन मेंदू-शल्यविशारदांनी ती १९७४ साली सुचविली आणि आज जगभरच्या रुग्णालयांत ती वापरली जाते. त्या रात्री आम्ही तिला गुणपत्रिका समजून थोडे झोपू शकलो, हाही देवाचा उपकारच म्हणावयाचा.

वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. क्रिकेट हा त्यांचा जीव की प्राण. पाचव्या रात्री, भाऊ अजून डोळे उघडत नव्हता तेव्हा, त्याच बाकावर बसून त्यांनी आम्हांला नरी कॉन्ट्रॅक्टर यांची गोष्ट सांगितली. १९६२ चा मार्च महिना, बार्बाडोस बेट. भारताचे कर्णधार कॉन्ट्रॅक्टर फलंदाजी करीत असताना चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. त्या काळी फलंदाजांना शिरस्त्राण ठाऊकच नव्हते. कवटीत रक्त साठले, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि त्यांच्यासाठी रक्त दिले ते कोणी? प्रतिस्पर्धी वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी, आणि भारतीय चमूपैकी पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी व चंदू बोर्डे यांनी. बोर्डे हे पुण्याचे, मराठी ख्रिस्ती घरातले. त्यांचे नाव घेताना वडिलांचा आवाज जरा उंचावे. कॉन्ट्रॅक्टर कित्येक दिवस बेशुद्ध होते. नंतर मायदेशी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसविली. हे डॉ. चांडी म्हणजे कॅनडात माँट्रिअल येथे विख्यात वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेले आणि १९४९ साली वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू करणारे. आपल्या देशातील या शास्त्राचा आरंभ त्यांच्यापासून मानतात. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत, पण प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये मात्र परत आले. "तो माणूस पुन्हा बॅट घेऊन उभा राहिला," वडील म्हणाले, "आपला का नाही राहणार?" (ती पट्टी पुढे तब्बल ६० वर्षांनी, २०२२ साली, मुंबईत काढण्यात आली. वडील ते वाचावयास नव्हते.)

दुसऱ्या दिवशी भावाने डोळे उघडले. एकोणिसाव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घरी आला. कागदावर लिहिले होते : प्रकृती सुधारली. मोहननगरातील शेजाऱ्यांनी पेढे वाटले, कॅथेड्रलमध्ये आम्ही कृतज्ञतेची मिस्सा अर्पिली, आणि प्रकरण मिटले असे समजून आम्ही आपापल्या कामाला लागलो.

दोन महिन्यांनी तो नोकरीवर रुजू झाला. तो एका खाजगी कचेरीत हिशेबनीस होता. आकड्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आकडे त्याला आताही येत होते. बेरीज विचारा, चटकन सांगे. परंतु एक काम करताना कोणी मध्येच दुसरे विचारले की त्याचा सारा डाव उधळून जाई, आणि मग जो राग येई तो असा की समोरचा माणूस मागे सरे. दुपारी दोनच्या पुढे त्याला खुर्चीत झोप लागे. वरिष्ठांना वाटले, अपघाताचे निमित्त करून हा आता काम चुकवू लागला. वर्षभरात ती नोकरी सुटली. घरी कुकरच्या शिट्टीने तो दचके, दूरदर्शन चालू असताना मुले बोलली की ओरडे. पूर्वीचा आमचा भाऊ शब्दाने मृदू, किंचित लाजाळू, गायकवृंदात मागच्या ओळीत उभा राहणारा. आता तो पाहुण्यांसमोर नको तो विनोद करी, आणि कोणी हसले नाही तरी त्याच्या ते लक्षात येत नसे.

२००१ साली वडील वारले. अंत्यविधीच्या दिवशी तो रडला नाही. वडिलांची पेटी अजून घरात असताना त्याने मोठ्या आवाजात विचारले, "चहा झाला का?" जमलेल्या नातलगांनी एकमेकांकडे पाहिले. त्या क्षणी आम्हांला त्याचा जो तिरस्कार वाटला, तो इथे लिहिताना हात जड होतो.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. आमची भावजय, चंद्रपूरची मुलगी, पदरात दोन लहान मुले. तिने एकदा आमच्या पत्नीजवळ डोळे पुसत म्हटले, "वहिनी, हे घरी आले, पण अजून आलेले नाहीत हो." आमच्या पत्नीला ते समजले. आम्हांला नाही. आम्ही थोरलेपणाच्या अधिकाराने तिला बोलावून चार शब्द सुनावले : मृत्यूच्या दारातून नवरा परत मिळाला आहे, देवाचे आभार मानावयाचे सोडून कुरकुर कसली करतेस? सहनशक्ती वाढव, जपमाळ कर. ती मान खाली घालून ऐकून गेली. ती माहेरी निघून गेली असती तर तिला दोष देणाऱ्यांत आम्ही पहिले असतो.

आम्हांला जाग आणली ती एका सिस्टरने. आमच्या धर्मग्रामात आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या या भगिनी परिचारिका होत्या आणि त्यांचे शिक्षण वेल्लोरला झाले होते. एके दिवशी त्या घरी आल्या असताना स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपले. भाऊ शेजारच्याच खोलीत, दार उघडे, आणि त्याला पत्ता नाही. सिस्टरांनी त्याला विचारले, "भाऊ, तुम्हांला वास येत नाही का?" मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले : आवाज सहन होतो का, दुपारी थकवा येतो का, दोन कामे एकत्र जमतात का, राग येण्याआधी कळते का की आल्यावरच कळते? त्याने प्रत्येकाचे उत्तर दिले. इतकी वर्षे आम्ही त्याला यातले काही विचारलेच नव्हते. जाताना अंगणात त्या आम्हांला म्हणाल्या, "मास्तर, हा स्वभाव नव्हे. ही जखम आहे, बाहेरून न दिसणारी."

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही शहरातील एका मज्जाविकारतज्ज्ञांकडे गेलो आणि पुढे, मास्तरकीची खोड म्हणा, मिळेल ते वाचीत गेलो. मराठीत या विषयावर फार थोडे आहे, म्हणून आम्हांला जे उमगले ते इथे जरा विस्ताराने मांडतो.

आपला मेंदू सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा, आणि इतका मऊ की लोण्याच्या गोळ्याची उपमा त्याला शोभावी. तो कवटीतील द्रवात तरंगतो. डोके धावत्या वेगातून एकाएकी थांबले की कवटी थांबते, पण आतला गोळा पुढे जातो आणि गरकन फिरतोही. कवटीचा तळ पुढच्या बाजूस, डोळ्यांच्या वर, खडबडीत आणि कंगोरेदार असतो. म्हणून मार कुठेही लागला तरी मेंदूचे पुढचे आणि कानांजवळचे भाग घासून चेचले जातात. तिथेच नाकाच्या मुळाशी चाळणीसारखे एक पातळ हाड आहे. गंधाचे नाजूक तंतू त्याच्या छिद्रांतून वर जातात. मेंदू हलला की ते तुटतात. भावाचे संत्रे तिथे हरवले होते.

आणि हा पुढचा भाग करतो तरी काय? मनात आलेले सारेच तोंडावाटे बाहेर पडू नये यासाठी लगाम धरतो. आधी हे, मग ते, असा क्रम लावतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन वाचतो. लाज, धीर, पोच हे शब्द आपण चारित्र्याच्या खात्यात मांडतो, आणि त्यांची बरीचशी कामे मात्र कपाळामागच्या या मऊ गोळ्यात चालतात. आम्हांला हे वाचून प्रथम भीतीच वाटली.

परंतु भावाच्या तपासणीच्या चित्रात चेचल्याचा डाग लहानसाच होता, आणि तोही पुढे विरला होता. मग एवढा बदल कसा? याचे उत्तर शोधणाऱ्यांची कथा इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथली आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा चित्रपट आमच्या पिढीने पाहिलेला आहे. ते लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी शुद्धीवर न येताच वारले. त्यांना पाहण्यास बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदू-शल्यविशारद होते. केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, शिरस्त्राणाने जीव कसे वाचतात हे छापून दाखविले. ब्रिटनमध्ये सर्वसामान्यांसाठी तो कायदा व्हावयास मात्र १९७३ साल उजाडले. तेव्हा खुंटीवर हेल्मेट टांगणारे आम्हीच पहिले नव्हेत! केर्न्स यांच्याच सहवासात हॉलबर्न नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी जिलेटिनचा मेंदू बनवून, म्हणजे नाताळात आपण साच्यात जेली लावतो त्या जातीचा, त्याला झटके देऊन पाहिले आणि १९४३ साली मांडले की सरळ धक्क्यापेक्षा डोक्याचे एकाएकी फिरणे अधिक घातक. त्याने आतला गर थराथरांत पिळवटून निघतो.

ते जिवंत मेंदूत खरे आहे हे दाखविण्याचे काम सबिना स्ट्रिख या संशोधिकेने केले. १९५६ साली त्यांनी पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. डोक्याला मार बसून हे रुग्ण काही काळ जगले होते, पण त्यांची बुद्धी व शुद्ध परतली नव्हती. मृत्यूनंतर त्यांचे मेंदू वरवर पाहता फारसे बिघडलेले वाटत नव्हते. स्ट्रिख यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आतले पांढरे द्रव्य पाहिले. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणाऱ्या लांब तंतूंचे ते जाळे. ते जागोजागी नष्ट झालेले होते. १९६१ साली त्यांनी असे आणखी रुग्ण, एकूण वीस, मांडून सांगितले की हे तंतू अपघाताच्याच क्षणी ताणून तुटतात. साध्या सीटी स्कॅनवर असे तुटलेले तंतू पुष्कळदा दिसतच नाहीत. ज्याने घरात वीजजोडणीचे काम पाहिले आहे त्याला हे सहज समजेल : दिवे शाबूत, बटणे शाबूत, आणि भिंतीच्या आत कुठे तरी तार तुटलेली. स्ट्रिख यांचे रुग्ण आमच्या भावापेक्षा फार वाईट अवस्थेतले होते, हे सांगितले पाहिजे. पण सौम्य प्रमाणात तीच मोडतोड माणसाला मंद, चिडका आणि थकलेला करून सोडते, हे पुढच्या अभ्यासांत दिसून आले.

तरीही आम्हांला ज्या संशोधनाने हलविले ते सूक्ष्मदर्शकाचे नव्हते. ते पुन्हा ग्लासगोचे. वाचलेल्या रुग्णांचे पुढे काय होते, हे मोजण्यासाठी जेनेट आणि मायकेल बाँड या मनोविकारतज्ज्ञांनी १९७५ साली पाच पायऱ्यांची आणखी एक मोजपट्टी केली : सर्वांत खाली मृत्यू, सर्वांत वर चांगली सुधारणा. चालतो, बोलतो, स्वतःचे स्वतः करतो म्हणून आमचा भाऊ तिच्या वरच्याच पायऱ्यांवर बसता. मग नील ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. ते रुग्णाच्या घरच्यांकडे गेले आणि त्यांना विचारले. अपघातानंतर काही महिन्यांनी विचारले, वर्षाने विचारले, पाच वर्षांनी पुन्हा विचारले. घरच्यांना जड जात होते ते रुग्णाचे लंगडणे किंवा अशक्तपणा नव्हे. राग, लहरीपणा, आळस, 'हा तो माणूसच राहिला नाही' ही जाणीव. आणि जे ओझे काळाबरोबर हलके व्हावे अशी अपेक्षा होती, ते पाचव्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा वाढलेले निघाले. हे १९८६ साली छापले गेले. म्हणजे आमच्या भावजयीने डोळे पुसत जे सांगितले, ते तिच्या आधी बारा-पंधरा वर्षे स्कॉटलंडमधल्या बायकांनी आणि आयांनी सांगितले होते, आणि तिथे कोणी तरी ते वहीत उतरवून घेतले होते. इथे आम्ही तिला जपमाळ करावयास सांगितले.

आम्ही तिची क्षमा मागितली. थोरल्या दिराने असे करण्याची आमच्याकडे रीत नाही. ती बिचारी गोंधळूनच गेली आणि "भाऊजी, चहा टाकते" म्हणून आत गेली. त्यावर पुन्हा कधी बोलणे झाले नाही.

एक प्रश्न मात्र शास्त्राने सुटला नाही. भाऊ दर शनिवारी सायंकाळी पापनिवेदनास जात असे. एकदा परतल्यावर तो म्हणाला, "दादा, दर आठवड्याला तेच. रागावलो, ओरडलो, मुलावर हात उगारला. फादरही कंटाळले असतील." आम्ही नुकतेच पुस्तकी ज्ञान मिळविलेले, उत्साहाने त्याला समजाविले की हा तुझा दोषच नव्हे, मेंदूच्या इजेचा परिणाम आहे, तेव्हा पाप कसले? कॅथलिक धर्मशिकवणीच्या १९९२ च्या ग्रंथात, १७३५ व्या परिच्छेदात, मानसिक व अन्य कारणांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी नाहीशीही होते, असे म्हटले आहे, हेही ऐकविले. त्याला धीर वाटेल अशी आमची कल्पना. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे चांगले वागलो तर ते माझे, आणि वाईट वागलो तर मेंदूचे? मग मी कुठे आहे, दादा?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. त्यानंतरच्या शनिवारी त्याने हाच प्रश्न फादरांना विचारला. आत काय बोलणे झाले ते फादर कधीच सांगणार नाहीत. भावाने स्वतः सांगितले तेवढे लिहितो. वयोवृद्ध फादर त्याला म्हणाले की राग येतो त्याचा हिशेब देवाकडे राहू दे. राग आल्यावर खोलीतून बाहेर पडावयाचे तुला सुचले होते आणि तरी तू बाहेर पडला नाहीस, असे ज्या वेळी झाले असेल, तेवढेच सांगत जा. भावाला हे फार पटले. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्या एका वाक्यात धर्मगुरूंनी मज्जातंतूंचे आणि मनुष्याचे क्षेत्र जितके वेगळे करता येईल तितके केले. त्यानंतर तो खरोखरच खोलीतून बाहेर पडू लागला. पहिल्या वर्षी दहातून दोनदा. पुढे अधिक.

तुटलेले तंतू जुळत नाहीत, पण मेंदू आडवाटा शोधतो, असे तज्ज्ञ सांगतात. त्यासाठी त्याला ठरलेला दिनक्रम, विश्रांती आणि शांतता लागते. अमेरिकेतील फिनिअस गेज हा रेल्वेमार्गावरील मुकादम या शास्त्रात फार प्रसिद्ध आहे. १८४८ साली सुरुंग ठासताना स्फोट होऊन लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून माथ्यावाटे बाहेर पडली. तो जगला, पण तो पूर्वीचा गेज राहिला नाही, इतके बहुतेक पुस्तके सांगतात. तोच गेज पुढे चिली देशात जाऊन कित्येक वर्षे घोडागाडी हाकीत होता, हे थोडी पुस्तके सांगतात. रोज तेच घोडे, तोच रस्ता, त्याच वेळा. आमच्या भावाला असेच काम सापडले ते पुस्तकबांधणीचे. मोहननगरातील आणि सदरमधील मुलांची पुस्तके तो जून महिन्यात बांधून देतो, एरवी चर्चची जुनी गीतपुस्तके. खळ, दोरा, कापड, पुठ्ठा. एका वेळी एकच पुस्तक, आणि दुपारी दोननंतर काम बंद. खिशात लहान वही असते. काय करावयाचे ते तिच्यात लिहिलेले, झाले की रेघ. रविवारी आम्ही सकाळच्या पहिल्या मिस्सेला जातो, कारण तिला गायकवृंद आणि ध्वनिक्षेपक नसतो, आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो. रात्री निजण्यापूर्वी तो भावजयीला विचारतो, "गॅस बंद आहे ना?" वास येत नसल्याने ही काळजी योग्यच. ती सांगते, बंद आहे. तो पुन्हा विचारतो, ती पुन्हा सांगते.

हे सारे आम्हांला इतक्या उशिरा कळावे असे काही नव्हते. वेल्लोरला मज्जाविकारशास्त्र शिकविलेले डॉ. जी. एम. टावरी पुढे नागपुरास आले आणि बजाजनगरात सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस उभी राहिली. मेंदूच्या विकारांवर संशोधन आमच्या घरापासून काही मैलांवर चालू होते. बंगळूरच्या निमहान्समध्ये १९९५ पासून, म्हणजे भावाच्या अपघाताच्या तीन वर्षे आधीपासून, दान केलेले मेंदू अभ्यासासाठी जतन करणारी पेढी आहे. २०२१ साली आपल्याच शहरात महानगरपालिका, सेंट्रल रोड रिसर्च इन्स्टिट्यूट आणि इंटेल आदींनी 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू केला. बसगाड्यांवर टक्कर होण्यापूर्वी इशारा देणारी यंत्रे बसवून धोक्याच्या जागा आधीच हेरण्याची ती योजना. भावाला आम्ही त्याचे कात्रण दाखविले. त्याने ते वाचले आणि विचारले, "यात गाय दिसते का?"

त्याचा थोरला मुलगा आता मोटारसायकलने कामावर जातो, तोही कामठी रस्त्यानेच. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की आमच्या नागपूरची तरुण मंडळी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून निघतात आणि हेल्मेट आरशाला अडकवितात. भाऊ त्याच्याशी वाद घालीत नाही. वाद त्याला झेपत नाही, आणि ते त्याला ठाऊक आहे. तो फक्त उठतो, फाटकाशी जाऊन उभा राहतो आणि कडीवर हात ठेवतो. मुलगा दुपट्ट्यावरून हेल्मेट चढवितो, हनुवटीखाली पट्टा अडकवितो. तो टक् असा आवाज झाला की भाऊ कडी काढतो.